उत्तरेची दैनंदिनी : मूसा बेटावरील पाखरू

२२ जून, मुक्काम लर्विक
ॲबर्डीनहून रात्रभर जहाज. झोप नाही. न्याहारी ९ पौंड, मोटारभाडे १४, मफलर १८ (घरचा घरीच राहिला). धुके. मूसाची रात्रीची बोट रहित.

२३ जून
धुके. बोट रहित. सूप ७ पौंड, तेही निवलेले. खोलीचे भाडे लिहिण्याचे धैर्य नाही.

२४ जून
धुके. घरमालकीण वृद्ध, करारी. पाखराचे इंग्रजी नाव घेताच त्यांनी मला थांबवले. शेटलंडात ते ‘अलामूटी’च. खलाशी त्याला वादळाचा दूत समजत, हे सांगताना त्यांचा स्वर असा होता की अपराध वादळाचा नसून पाखराचाच असावा. माशाचे कालवण आग्रहाने वाढले; मिठाचा हात मात्र सढळ.

२६ जून, पहाटे दोन
अखेर बोट सुटली. मध्यरात्र झाली तरी काळोखाचा पत्ता नाही. या संधिप्रकाशास येथे ‘सिमर डिम’ म्हणतात. चुन्याचा कणही न वापरता, केवळ दगडावर दगड रचून २,००० वर्षांपूर्वी उभारलेल्या आणि अद्यापि ४० फुटांहून उंच असलेल्या मूसावरील वर्तुळाकार बुरुजाच्या भिंतीस कान लावला, तो आतून चरख्याची अखंड घरघर आणि मध्येच उचकी लागल्यासारखा खंड! जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती वस्ती फटीफटींतून बोलत होती. पाखरू चिमणीएवढे, काळे, कमरेशी पांढरा पट्टा. वजन सव्वादोन तोळ्यांच्या आसपास. अंडे एकच, आणि ते नर-मादी पाळीपाळीने सुमारे ४० दिवस उबवतात. एक समुद्रावर, एक भिंतीत. पाय इतके दुबळे की जमिनीवर धड चालता येत नाही. म्हणून कुरव आणि स्कुआ यांच्या धाकाने अंधुक झाल्यावाचून किनाऱ्यास येणे नाही. साडेबाराच्या सुमारास ती आली, वटवाघळांसारखी, निःशब्द. एकाचा पंख टोपीला घासून गेला. हिवाळ्यात हीच मंडळी दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रापर्यंत जातात, आणि काही तर तीस वर्षांहून अधिक जगतात. मी तीन दिवसांच्या धुक्याने वैतागलो होतो.

बोटीत परतताना कुणी बोलले नाही. पाय गारठले आहेत.

२७ जून
चहा ३ पौंड. पोस्टाची तिकिटे. घरमालकीणबाईंनी विचारले, ‘दिसले का?’ म्हटले, ‘ऐकले जास्त.’ त्यांनी पुन्हा कालवण वाढले.