मागे कोण?

वद्य पंचमी, सकाळचे साडेसहा. मसुऱ्याच्या खालच्या अंगाला गड नदीच्या काठी, पोटरीभर चिखलातून बहीण-भाऊ ३२ किलोची पिवळी कयाक पाण्याकडे नेताहेत. ताई ५२ वर्षांची, कुडाळ तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. धाकटा ४७चा, पुण्याला कारखान्यात नोकरीला. दरवर्षी डिसेंबरात दोघंही तीन दिवसांची रजा टाकतात आणि सिंधुदुर्गातल्या तीन नद्यांवर गरवायला जातात. पहिल्या दिवशी गड, दुसऱ्या दिवशी कर्ली, तिसऱ्या दिवशी तेरेखोल.

हे तीन दिवस साहेबाला विचारून ठरत नाहीत, ते तिथीवर ठरतात. पूर्ण भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब पाढ्याइतका सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि जुन्या माणसांनी तेवढ्याला पाऊण तास धरून काम भागवलं. पंचमीला आले पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला पाणी भरलं आणि दहाच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी, संपेल. नदीत जितकं आत जावं तितकं हे सगळं उशिरा होतं. मसुऱ्याला किती उशिरा, वालावलला किती, आरोंद्याला किती, हे पंचांगात छापलेलं नसतं. ते ताईच्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत पेनने लिहिलेलं असतं. १९७३ साली कालनिर्णय सुरू करणारे जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचेच. त्यांच्या चौकोनांत लोक दुधाचे खाडे लिहितात, ताई पाण्याचे लिहिते.

हा छंद बाबांकडून आला. बाबांची लाकडी होडी होती, बाजूला उलांडी बांधलेली. ती आयुष्यभर कर्लीच्या बाहेर गेली नाही. जाणार तरी कशी? तिला पाण्यातून काढायलाच चार माणसं लागत. कयाक मात्र गाडीच्या टपावर फोमच्या पट्ट्या टाकून बांधता येते आणि एका आठवड्यात तीन नद्या बघून येते. मुळात ही आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची शिकारीची नाव. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बनवलेली, आवाज न करता सावजाजवळ जाणारी. आज ती प्लॅस्टिकची झाली आहे. गळवाल्यांच्या कयाकवर तर आत पाय घालून बसायचंही नसतं, वरच बसायचं. वर आलेलं पाणी तळातल्या भोकांतून आपोआप खाली जातं. कमरेएवढ्या पाण्यातून दहा-बारा वेळा चढून बघितल्याशिवाय ताई कोणालाही हिच्यावर नदीत नेत नाही. आधी पोट, मग बूड, शेवटी पाय, हा तिचा क्रम. अंगात लाइफ जॅकेट, आणि तेही बंद लावलेलं.

दोघांच्या कयाकमध्ये एक अडचण असते, ती विकणारा सांगत नाही. दोघांनी एकाच वेळी गळ टाकायचा नसतो. पाणी वाहतं असतं, वारा असतो, आणि रिकाम्या हातांनी सोडली तर ही हलकी नाव पानासारखी गिरकी घेते. एकाने गरवायचं, तर दुसऱ्याने मागे बसून वल्ह्याने नाव जागच्या जागी धरायची. पुढच्याला गळ दिसतो, काठ दिसतो, मासा दिसतो. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. गेली अकरा वर्षं मागे ताई बसत आली आहे आणि पुढे धाकटा. का, हे कधी कोणी विचारलं नाही.

कयाक पाण्याला लागली. डाव्या हाताला भरतगड, पलीकडच्या तीरावर भगवंतगड. एक किल्ला वाडीच्या सावंतांचा, दुसरा बावड्याच्या अमात्यांनी त्याला उत्तर म्हणून उठवलेला. मधली नदी दोघांचीही झाली नाही. सुकतीला जोर होता, पौर्णिमा होऊन पाचच दिवस झालेले. कांदळवनातून एक लहान व्हाळ नदीत उतरत होता, तिथे ताईने नाव आणली. भरतीला मासे तिवरांच्या आणि कांदळांच्या मुळांत शिरतात, तिथे गळ पोचत नाही. पाणी उतरू लागलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि बारकी मासळी व्हाळाच्या तोंडातून बाहेर पडते, आणि मोठे मासे बाहेर, जिथे जोराचं आणि मंद पाणी घासतं त्या रेघेवर, तोंड वर करून थांबतात. ती रेघ साध्या डोळ्यांना दिसते. तिच्या एका बाजूला फेस पुढे पळत असतो आणि दुसऱ्या बाजूला वाळलेली पानं जागच्या जागी फिरत असतात.

धाकट्याने लुअर, म्हणजे खोटं आमिष, बरोबर रेघेच्या आत टाकला. दोन वेळा काही नाही. तिसऱ्या वेळी दोरी ताठ झाली आणि रॉड पाण्यापर्यंत वाकला.

तांबोशी. हा मासा घास घेतो आणि पहिल्या क्षणाला घराकडे वळतो. घर म्हणजे मुळं. लहानपण तो खाडीत, कांदळांच्या मुळांत काढतो आणि वाढला की समुद्रातल्या खडकांकडे जातो. मुळांत असतो तोवर तिथली प्रत्येक फट त्याला पाठ असते. काठावर उभं राहून गरवणारा टाचा रोवतो. कयाकमध्ये टाचा कशात रोवणार? मासा ओढतो, गरवणारा उलट ओढतो, आणि दोघांच्या मध्ये सरकते ती नाव, माशाच्या दिशेने. गळवाला जितक्या जोराने ओढेल तितका तो स्वतःला मुळांजवळ नेतो. इथे पुढच्याच्या हातात काहीच नसतं. मागच्याने त्याच क्षणी उलटं वल्हं मारून नाव मागे खेचायची असते.

‘ताई, मागे!’ धाकटा ओरडला. ताईने वल्हं मारलं, पण उजव्या खांद्यात कळ आली आणि हात अर्ध्यात थांबला. नाव दोन हात पुढे गेली. दोरी मुळावरच्या कालवांना घासली आणि तुटली. कालवाच्या शिंपल्याची धार काय असते, हे सुकतीला कोयती घेऊन कालवं फोडायला बसणाऱ्या बायकांच्या बोटांकडे पाहिलं की कळतं.

‘जरा आधी मारलं असतंस तर?’

‘तू ओरडण्याआधीच मारलं होतं,’ ताई म्हणाली. तिने खांद्याबद्दल काही सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर पाग घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘गावला काय गो कायतरी?’ ताई म्हणाली, ‘नाय वो काका, हेका घाई.’

दुसऱ्या दिवशी कर्लीवर, वालावलच्या खाली, ती पहिला अर्धा तास गप्प होती. ही बाबांची नदी. तारकर्ली-देवबागच्या चिंचोळ्या पट्टीला समुद्र एका अंगाने आणि कर्ली दुसऱ्या अंगाने चाटत जाते, आणि देवबागच्या टोकाला दोघं मिळतात. वाळू उपशाने नदीचा तळ इतका बदलला आहे की बाबांच्या वेळच्या खुणा आज लागू पडत नाहीत. जिथे होडी टेकायची तिथे आता दोन पुरुष पाणी असतं. चौकोनांत ताईने अशा तीन जागा खोडून पुन्हा लिहिल्या आहेत.

याच पाण्यात धाकट्याने सात वर्षांपूर्वी दोघांना जवळजवळ बुडवलं होतं. नवा छोटा नांगर आणला होता, घडीचा. तो त्याने कयाकच्या मधोमध, बाजूच्या कडीला बांधून सोडला, कारण ती कडी हाताशी होती. नांगराने तळ धरला, सुकतीच्या पाण्याने नाव आडवी केली, दोरी ताणली आणि प्रवाहाकडची कड खाली गेली. मांडीवर पाणी आलं तेव्हा ताईने मागून वाकून सुरीने दोरी कापली. नांगर अजून तिथेच आहे. वाहत्या पाण्यात नांगर नाळेला बांधायचा किंवा शेपटीला, मध्ये कधीच नाही, आणि एका झटक्यात सुटेल असाच. नावेचं टोक प्रवाहाला कापतं, कूस मात्र प्रवाहाला अडवते.

तेव्हापासून ती दोघं नांगर वापरत नाहीत. बाबांच्या होडीत एक लांब बांबू असायचा, तासून टोक काढलेला. उथळ जागी तो चिखलात खुपसायचा, होडीच्या टोकाची दोरी त्याला अडकवायची आणि झालं. परदेशी दुकानांत असाच फायबरचा दांडा कयाकसाठी मिळतो, हे धाकट्याने मोबाईलवर दाखवलं आणि किंमतही सांगितली. ताईने दुसऱ्या दिवशी परड्यातला माणगा तोडला.

बांबू रोवून दोघांनी चहा घेतला, आणि तेव्हा तो बोलला. ‘खांदा कधीपासून दुखतोय?’

‘पावसापासून.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तू मागे बसणार होतास?’

त्या दिवशी चार काळुंदरं मिळाली, बांबूला बांधलेल्या नावेतूनच. वल्हं कोणालाच मारावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सप्तमी. भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार कमी आणि ओढही कमी. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, दक्षिणेला गोव्याकडे येईपर्यंत ती निम्म्यावर येते, आणि भांगाला तर नदी नुसतीच श्वास घेतल्यासारखी हलते. तेरेखोल ही महाराष्ट्र आणि गोव्याची सीमा. आरोंद्याच्या बाजूने निघालं की समोरचे माड गोव्याचे. एका चिखलाच्या पट्टीवर पाणमांजराची ताजी विष्ठा होती, तिच्यात माशांची खवलं चमकत होती. ‘त्यांना मिळतोय,’ ताई म्हणाली आणि पुढच्या जागेवर जाऊन बसली.

धाकटा मागे बसला. पहिल्या दहा मिनिटांत त्याला कळलं की मागून काहीच दिसत नाही. ताईची पाठ, टोपी आणि रॉडचं टोक, बस्स. पाण्यातली रेघ शोधायला मान वाकडी केली की नाव वाकडी होई. दोनदा ताईचा गळ तिवरात गेला, कारण नाव वळली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही आणि काही बोललीही नाही. मग त्याने बघणं सोडलं. वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरलं की प्रवाह त्याला एका अंगाला ढकलतो आणि तो दाब मनगटात येतो. दाब वाढला की जोराच्या पाण्यात शिरलो, कमी झाला की मंद पाण्यात. तासाभराने तो रेघ डोळ्यांऐवजी मनगटाने धरू लागला. नाव त्या रेघेवर थांबली, अर्ध्या-अर्ध्या वल्ह्याने.

ताई लुअर वापरत नाही. जिवंत सुंगट, शेपटीकडून गरीला लावलेलं, वजन न बांधता सोडलेलं. कडेला शेवट्यांचा थवा फुटला, चांदीची नाणी उधळल्यासारखा. शेवटे असे उडतात ते खालून कोणीतरी आल्यावरच. ताईचे खांदे किंचित वर आले. धाकट्याने तेवढंच पाहिलं आणि वल्हं उलटं मारलं. रॉड त्याच्यानंतर वाकला.

चोणक. रायगडात याला जिताडा म्हणतात. तो आधी पाण्याबाहेर आला, डोकं हलवत, कल्ले उघडून. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, आणि याच झटक्यात दोरी कापली जाते. ताईने रॉडचं टोक खाली केलं, दोरी सैल पडू न देता त्याला डोकं हलवू दिलं. ‘ओढू नको, येवंदे तेका,’ असं बाबा म्हणायचे. या वेळी ते कोणी म्हणालं नाही. मागे धाकटा नाव हातभर मागे, हातभर मागे घेत राहिला, काठापासून लांब, मोकळ्या पाण्यात. तिथे चोणकला लपायला काही नव्हतं आणि ताईला घाई नव्हती.

पंधरा मिनिटांनी मासा जाळीत आला. साडेतीन किलोचा. या आकाराचा चोणक बहुधा नर. हा मासा तारुण्यात नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणून खाडीच्या तोंडाला अंडी घालायला जाणारे मोठे चोणक बहुतेक माद्याच. दहा किलोच्या वरचा सोडून द्यायचा, असा दोघांचा नियम आहे. तो पाळायची वेळ अजून एकदाही आलेली नाही.

‘मी ओरडायच्या आधी कसं मारलंस?’ ताईने विचारलं.

‘तू ओरडणारच नव्हतीस,’ तो म्हणाला.

संध्याकाळी कुडाळला चोणकच्या तुकड्या मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून बाजूला ठेवल्या होत्या. धाकटा कयाकवरचा चिखल धुऊन आत आला तेव्हा ताई भिंतीसमोर पेन घेऊन उभी होती. मागचे महिने उलटून तो वाचू लागला. मग कपाटावरची जुनी कालनिर्णय काढली, बाबांच्या काळापासूनची, सुतळीत बांधलेली. प्रत्येक नोंदीत नदी, पाण्याची वेळ, मासा, आणि शेवटी दोन शब्द. ‘मागे बाबा.’ ‘मागे बाबा.’ मग ‘मागे मी’, अकरा वर्षं.

आजच्या चौकोनात जागा कमी होती, कारण कोणीतरी सकाळीच तिथे गॅसचा नंबर लावल्याचं लिहून ठेवलं होतं. त्याच्या वर, बारीक अक्षरात, ताईने लिहिलं: तेरेखोल, सुकती साडेअकरापर्यंत, चोणक साडेतीन, मागे बाबू.

‘तव्यात तेल घाल,’ ती म्हणाली. ‘रवा वरच्या डब्यात आहे.’