गुण औषधाचा की काळाचा?

औषधाची चाचणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. निम्म्यांना खरं औषध द्यायचं, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, ही गरिबांची थट्टा आहे, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा जो अभ्यास केला, त्यावरही माझा हाच आक्षेप होता. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावं नुसती तुलनेसाठी ठेवली. त्या ४७ गावांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

हे मत बदललं ते माझ्या मणक्यामुळे.

ऑपरेशन झालं, दबलेली नस मोकळी झाली, तरी कंबर दुखायची थांबेना. डाव्या पायात रात्रभर आग व्हायची. ऐन धानाच्या रोवण्यात डॉक्टरांनी प्रेगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध सुरू केलं. दिवाळीपर्यंत बरंच हलकं वाटू लागलं. ‘औषधाचा गुण आला,’ असं मी सांगत सुटलो.

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “रोवणा कधी संपला जी तुमचा?”

दुखणं दहापैकी किती, हे मी रोज वहीत लिहीत होतो. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत पोचवल्या त्या दिवशी ८. पावसानं घरी बसवलं त्या दिवशी ४. कॅप्सूल दोन्ही दिवशी तीच. पुरावा माझ्याच अक्षरात होता, पण मी तो तसा वाचलाच नव्हता.

मग डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. २०१७ साली ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. कमरेतून पायात कळ जाणारे २०९ रुग्ण. काहींना प्रेगाबालिन, बाकीच्यांना खोटी गोळी. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं उतरलं होतं आणि औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही. चक्कर मात्र औषधवाल्यांना जास्त. ती चाचणी खास माझ्यासारख्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांवरची नव्हती, त्यामुळे तो निकाल मला जसाच्या तसा लागू होत नाही. पण खोटी गोळी घेणारेही ‘गुण आला’ म्हणालेच असतील की! तो गट नसता, तर सगळं श्रेय औषधाच्या खात्यात जमा झालं असतं.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवला. कंबर होती तशीच राहिली, पायाची आग मात्र परतली. तेव्हा कमी डोस पायासाठी चालू ठेवला. कमरेसाठी चालणं आणि व्यायाम. हासुद्धा पक्का पुरावा नव्हे, कारण डोस उतरतोय हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक नसावं म्हणून तर खोटी गोळी लागते.

त्या ४७ गावांकडेही मी आता निराळ्या नजरेनं पाहतो. तिथं सरकारी सेवा नेहमीसारखी चालूच होती. त्यांच्याशी ताडून पाहिलं म्हणूनच ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मधून जगासमोर ठामपणे मांडता आलं. पुढं आशा सेविका देशभर घरोघरी बाळं तपासू लागल्या. तुलना नसती तर ‘आमच्याकडे बाळं वाचतात’ हे सांगणं माझ्या ‘गुण आला’इतकंच कच्चं ठरलं असतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत धानाच्या बांधीत, कोळसा खाणीत, तेंदूपत्ता तोडताना पाठी झिजतात. ऑपरेशननंतरही दुखत राहणाऱ्या अशा पाठींवर औषधं तपासली गेलीच पाहिजेत, आणि ती इथल्याच माणसांवर. अशा चाचणीत भाग घ्याल का, असं तुम्हाला कुणी विचारलं तर आधी चार गोष्टी विचारा: नीती समितीची मंजुरी आहे का, सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद आहे का, अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, मधेच बाहेर पडता येईल का. उत्तरं पटली तर खुशाल सही करा. आणि प्रेगाबालिन चालू असेल, तर हे वाचून ते आपल्या मनानं एकदम बंद करू नका.