आमचा जुना संगणक

घरचा संगणक आम्हीं २०१७ सालीं कन्येच्या मदतीनें स्वतःच जुळविला. पुढें त्याचें एकेक इंद्रिय पालटत गेलें: फिरत्या तबकडीच्या जागीं एसएसडी आली, मेमरी दुप्पट झाली, आणि बायॉस अद्ययावत् करतांच २०२२ सालचा रायझेन ५ ५६०० त्याच एएम४ खोबणींत निमूटपणें बसला. एवढी उदारता यंत्रविश्वांत विरळाच! डीडीआर५ मेमरी मात्र तेथें शिरत नाहीं. तिची खांचच निराळ्या ठिकाणीं असते. सबब मदरबोर्ड बदला, असें कन्या आतां परदेशांतून बजावते. खर्चाचें आम्हांस भय नाहीं. पण पेटीखेरीज मूळचा असा तोच काय तो उरला आहे, आणि त्याचे स्क्रू तिनेंच, शाळेचा गणवेश न बदलतां, आवळले होते.