काचेतली अक्षरे

लष्करातील जयेंद्रगंजात दिवेलागणीला दुकानांच्या पाट्या उजळल्या, की आपण सहज ‘निऑन’ म्हणतो. आज त्या बहुधा एलईडीच्या असतात. खरा निऑन हा हवेतलाच एक वायू. तिच्या सुमारे ५५,००० भागांत त्याचा वाटा जेमतेम एक. रॅम्झे आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लंडनमध्ये तो शोधून काढला. त्याचे नाव ‘नेओस’ या ग्रीक शब्दावरून आले. अर्थ ‘नवा’, म्हणजे आपल्या ‘नव’चाच तो भाऊबंद! १९१० साली जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात निऑनचे दिवे झळकविले.

विरळ निऑनमधून विद्युत्प्रवाह गेला, की नळी केशरी-तांबडी उजळते. परंतु अक्षर घडते ते कारागिराच्या हाती. शिरोरेषा असो वा वेलांटी, प्रत्येक वळण काच ज्योतीवर तापवून द्यावे लागते. जयविलास प्रासादातील भव्य झुंबरांनी दरबार उजळला. निऑनने प्रकाशाला बाजारात आणून लिहिते केले. ते हस्ताक्षर आता दुर्मिळ होत आहे. आपल्या गावी अशी एखादी जुनी पाटी अजून तेवत असेल, तर मुलांना ती अवश्य दाखवावी.