आईचा बोलिंगचा डाव

गुरुवार, रात्री

आई आज पुन्हा भाच्याच्या जुन्या 'वी' या व्हिडिओ गेमवर बोलिंग खेळली. अर्धांगवायूनंतर डाव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत, म्हणून रिमोट तळहाताला क्रेप बँडेजने बांधावा लागतो. नेमून दिलेले व्यायाम करताना तिचं लक्ष घड्याळाकडे असतं. इथे मात्र 'अजून एकच डाव' चालू. हात पुन्हा वळायला तीच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते, आणि तेवढी घरी कोण करवून घेणार?

पण यंत्र भोळं आहे. त्याला कळतो फक्त रिमोटचा झटका. आई खांदा उचलून, कमरेतून झुकून चेंडू टाकते आणि टीव्हीवर टाळ्या! कोपर जागच्या जागी. मग मी शेजारी बसून तिची पाठ खुर्चीला टेकवत राहते. ती वैतागते, "तू अंपायर आहेस का गं?"

२०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात सपोस्निक यांच्या गटाची अर्धांगवायूच्या रुग्णांवरची चाचणी छापून आली. १४१ रुग्ण, जवळपास निम्म्यांना वी, बाकीच्यांना तेवढाच वेळ पत्ते, जेंगा असले साधे खेळ. हात दोन्ही गटांत सुधारले, वी सरस ठरलं नाही. मला तर वाचून हायसंच वाटलं. ज्यांच्या घरी असलं खेळणं नाही, त्यांचं काही अडत नाही म्हणायचं.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "मग उद्या रमी मांड. पत्ते डाव्या हाताने ओढीन. पण पैसे लावून हं!"