कँटीनचं जेवण वहीत नव्हतं

2019 च्या मार्चमध्ये मी नोकरी सोडली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, वीस वर्षं काढली होती. चंदापुरात कर्ज फिटलेलं छोटं घर होतं आणि खर्चाची वही होती. वहीचा मला फार अभिमान. तीन वर्षांची सरासरी महिन्याला 28,000 रुपये. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमले की नोकरी करायची गरज नाही, हे गणित मी पाठ केलं होतं. म्हणजे 84 लाख. पीएफ, इंडेक्स फंड आणि बँकेतल्या ठेवी मिळून तेवढे झाले आणि मी राजीनामा दिला. गरजा लहान ठेवल्या की झालं, असं भेटेल त्याला ऐकवत सुटलो.

त्या लहान गरजांतल्या कितीतरी कारखाना भागवत होता, हे पहिल्या पंधरवड्यातच कळायला लागलं. नाश्ता आणि दुपारचं जेवण कँटीनमध्ये व्हायचं. 250 हून जास्त कामगार असले की कारखान्याला कँटीन ठेवायला लावता यायचं, 1948 च्या कारखाना कायद्यात तसं कलमच होतं. चित्रान्न, रागीमुद्दे, सांबार, मधूनच केसरीभात. त्याचे पगारातून कापले जाणारे पैसे इतके किरकोळ की मी ते कधी लिहिलेच नाहीत. बस कंपनीची, बूट-गणवेश कंपनीचे, आयुधपूजेला मिठाईचा डबा कंपनीचा. माझी वही पगार हातात पडल्यावर सुरू व्हायची. त्याआधी जे घडायचं ते तिला दिसतच नव्हतं.

“तुम्ही रिटायर झालात आणि माझा एक स्वयंपाक वाढला,” बायको म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

वर्षभरात महिन्याचा खर्च 41,000 वर गेला. पंचवीस पटीच्या हिशेबात महिन्याच्या एका रुपयामागे तीनशे रुपये साठवावे लागतात. फरक 13,000 चा, म्हणजे 39 लाख कमी पडले. शिवाय तो हिशेब विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडलेला. तीस वर्षांनी मी चौऱ्याहत्तरचा. माझी आई सांगलीत 86 व्या वर्षी स्वतःची भाकरी स्वतः थापते.

मग 2020 आलं. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांनी आपटला आणि 26,000 च्या खाली बंद झाला. मी घाबरून फंडातला तिसरा हिस्सा विकून टाकला. 2008 मध्ये बाजार वर्षभरात याहून जास्त पडला होता, तेव्हा मी ढिम्म हललो नव्हतो. पण तेव्हा एक तारखेला पगार यायचा. असो, ही चूक करणारा मी एकटा नव्हतो.

दुसरी चूक मात्र सर्वस्वी माझी, आणि ती नोकरी सोडतानाचीच. कंपनीचा गट आरोग्यविमा राजीनाम्याबरोबर संपला. तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येतो, जुनी वर्षं धरून. फक्त वेळेत अर्ज करायचा. एचआरमधल्या मुलीनं तसा कागदही हातात दिला होता. वर्षाचा हप्ता बघून मी तो घडी घातला आणि वहीत खूण म्हणून ठेवला. बायकोला 2014 पासून मधुमेह. सहा महिन्यांनी नवी पॉलिसी घेतली, तेव्हा आधीपासूनच्या आजारासाठी चार वर्षं थांबा असं उत्तर आलं.

2022 मध्ये तिच्या उजव्या पायाची जखम भरत नव्हती. तिनं दीड महिना सांगितलं नाही. त्याआधी ती राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेला, माहेरी जाऊन आली होती आणि परतल्यावर मी तिला ‘या महिन्याची वही बिघडली’ असं म्हणालो होतो. मी ते विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती. पायाची दोन बोटं काढावी लागली. बिल दोन लाख सत्तर हजार, म्हणजे माझ्या त्या लाडक्या वहीतले जवळपास दहा महिने. मुद्दल मोडून भरलं. दवाखान्याच्या बाकावर ती म्हणाली, “अहो, पैसे नव्हते म्हणून गप्प नव्हते बसले. तुमचं तोंड बघवत नाही खर्च झाला की.”

आता आठवड्यातून तीन दिवस बोम्मसंद्र्यातल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिक्स्चरची ड्रॉइंगं तपासायला जातो. कँटीन नाही, डबा नेतो. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची यलो लाइन इथवर आली, तेव्हापासून बायको अधूनमधून एकटीच जयनगरला जाऊन येते. वही तिच्याकडे असते. भाजी, इन्सुलिन, तिकीट, सगळं लिहिते, आणि दर महिन्याला शेवटी एक ओळ: ‘माझे’. मागच्या महिन्यात तिथे 1,850 होते. कशाचे, ते मी विचारलेलं नाही.