वेगळी काडी

थॉम्सन सीडलेस हा वाण थॉम्सननं घडवला नाही. इराण-तुर्कस्तानाकडची ही जुनी किसमिसची द्राक्षं. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरची एक रोपवाटिका ती 'लेडी डी कव्हरली' या नावानं विकायची. १८७२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्सननं तिथून काड्या मागवल्या, फळ लोकांना दाखवलं आणि नाव त्याचं लागलं.

आम्हा तासगावकडच्या बागायतदारांचं निम्मं आयुष्य या वाणाचे लाड करण्यात जातं. फळ देणारे डोळे हा बुडाशी धरत नाही, काडीवर बराच वर नेतो. म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटीचा शेंडा मारून सबकेन, म्हणजे बगलेतली पोटकाडी, काढायची. गाठीजवळचे डोळे भरीव होतात आणि ऑक्टोबरला कात्री कुठं लावायची ते ठरतं. काडी तपकिरी, गोल, पेन्सिलीएवढी हवी. जाड काडी बघून नवखा खूश होतो, मला तिची धास्ती वाटते. नुसता पाला देते.

दुसरा लाड मण्याचा. मणी चाकूनं उभा कापून उजेडात धरा, आत मऊ पांढरट बारीक कण दिसतो. ते अर्ध्यात थांबलेलं बी. फलधारणा होते, पण गर्भ वाढत नाही. मणी फुगवणारं संजीवक बियातच तयार होतं. बी नाही म्हणून मणी बारीक. ही कमतरता जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, भरून काढतं. ज्वारीएवढ्या मण्यांचा घड मगात बुडवून काढायचा, विरळणी करायची, तेव्हा कुठं निर्यातीचा मणी होतो. गिऱ्हाईक ज्याला थॉम्सन म्हणतं, त्यात निम्मा वाटा मजुरीचा असतो.

याच थॉम्सनच्या वेलीवर तासगाव तालुक्यातल्या बोरगावात वेगळं फळ दिसलं, त्याची तास-ए-गणेश ही जात झाली. सोलापूरजवळच्या नान्नजला लांबट मण्याची सोनाका निघाली. काडीतल्या पेशीत आपसूक बदल होतो. तो हेरून कलम करणारा माणूस मात्र त्या बागेत असावा लागतो.

म्हणून विरळणीच्या बायकांना सांगून ठेवलंय, घड वेगळा दिसला की काडीला लाल फीत बांधा. बहुतेक फिती पुढच्या हंगामात सोडाव्या लागतात. कुठं जीए जादा लागलेलं असतं, कुठं काडीवर घडच मोजके राहिलेले असतात.